विश्लेषण : ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ एवढ्यावरच अपघाताचा तपास का थांबतो?

देशात रस्ते अपघातांत रोज साडेचारशेहून अधिक जणांचा जीव जातो. यातील प्रत्येक अपघातातून काही शिकले जाणार की नाही, हे ठरते घटनास्थळी पोहोचणारे पोलीस, मोटार वाहन निरीक्षक आणि रस्त्याचे अभियंता यांच्या नोंदींवरून. या तिघांना त्यासाठी काय शिकवले जाते, शिकलेले टिकते का आणि न टिकल्यास त्याची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. २०२३ मध्ये मृतांची संख्या १ लाख ७२ हजार ८९० वर गेली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ हजार २२४ जण दगावले, म्हणजे दिवसाला सरासरी ४२.

याच अहवालात २०२२ मधील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदवलेले आहे. पण हा वेग मोजला कोणी? बहुतांश अपघातस्थळी ना कॅमेरा असतो ना स्पीडगन. वाहनाची अवस्था, साक्षीदारांचे म्हणणे आणि अनुभव यावरून तपास अंमलदार अंदाज बांधतो. पुढे फिर्यादीत ठरलेले वाक्य येते: ‘भरधाव वेगात, हयगयीने वाहन चालवून, नियंत्रण सुटल्याने...’

वाक्य खोटे असतेच असे नाही. पण ते अपुरे असते. नियंत्रण सुटले, हे अपघाताचे वर्णन झाले, कारण नव्हे. ब्रेक तापले होते का, वळणाचा फलक होता का, तीन मार्गिकांच्या अचानक दोन झाल्या का, डांबराचा थर गुळगुळीत झाला होता का, याची नोंद झाली नाही तर गुन्हा चालकावर दाखल होतो आणि रस्ता आहे तसाच राहतो. पुढचा चालक त्याच जागी येतो. आयआयटी दिल्लीतील वाहतूक संशोधन व इजा प्रतिबंध केंद्राच्या अभ्यासकांनी पोलिसांच्या नोंदींतील अपघातांची कारणे आणि मृतांचे वर्गीकरण यांच्या विश्वासार्हतेबद्दल वारंवार प्रश्न उपस्थित केले आहेत.

‘रस्ता सुरक्षा अधिकारी’ म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे तालुका किंवा जिल्हा पातळीवर हे एकच एक पद नाही. काम तीन खात्यांत विभागलेले आहे. पहिले पोलीस. स्थानिक पोलीस ठाणे गुन्हा नोंदवते, महामार्गांवर महामार्ग पोलीस मदतीला असतात. दुसरे परिवहन खाते, म्हणजे आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक. अपघातग्रस्त वाहनाची तांत्रिक तपासणी ते करतात. तिसरे रस्त्याचे मालक: सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ किंवा महापालिका. रस्त्याची पाहणी त्यांच्या अभियंत्यांकडे असते.

या सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. परिवहन आयुक्त कार्यालयात रस्ता सुरक्षा कक्षही आहे. मात्र समितीच्या टेबलाभोवती बसणाऱ्या बहुतेकांसाठी रस्ता सुरक्षा हे मूळ कामाच्या जोडीला आलेले काम असते. ज्या अंमलदाराने सकाळी अपघाताचा पंचनामा केला, त्याला दुपारी बंदोबस्त आणि रात्री गस्त असते. ज्या निरीक्षकाने ट्रकचे ब्रेक तपासायचे, त्याच्यासमोर परवान्याच्या चाचणीसाठी आणि वाहनांच्या पासिंगसाठी रांग लागलेली असते.

मूळ शिक्षणातही फरक आहे. मोटार वाहन निरीक्षकासाठी ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल अभियांत्रिकीची पदविका ही किमान पात्रता आहे, त्यामुळे यंत्राची जाण असते. रस्त्याच्या अभियंत्याला वळण, चढ-उतार आणि दृष्टिअंतर यांचे गणित ठाऊक असते. घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या आणि ज्याच्या नोंदीवर पुढचे सगळे उभे राहते त्या पोलीस अंमलदाराला मात्र या दोन्हींपैकी काही शिकलेले असण्याची अट नाही, आणि तशी अपेक्षाही करता येणार नाही. त्याच्यासाठी नोकरीतले प्रशिक्षण हाच एकमेव मार्ग उरतो.

अपघातस्थळी प्रशिक्षित नजरेला काय दिसते?

एक साधे उदाहरण घेऊ. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाके जाम होऊन मोटार २० मीटर घसरली आणि तेवढीच टायरची काळी खूण उमटली. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर अभियांत्रिकीच्या पहिल्या काही वर्षांत शिकवल्या जाणाऱ्या सूत्राने घसरायला सुरुवात होतानाचा किमान वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर निघतो. खूण ४० मीटरची असेल तर वेग दुप्पट होत नाही, तो ८४ च्या आसपास येतो. रस्ता ओला असेल तर गुणांक घटतो आणि उत्तर बदलते.

म्हणजे केवळ एक फीत आणि एक सूत्र ‘भरधाव’ या शब्दाच्या जागी आकडा ठेवू शकते. पण त्यासाठी खूण पुसली जाण्याआधी मोजावी लागते. वाहतूक कोंडी फोडण्यासाठी क्रेनने वाहने बाजूला केली, वाळू टाकून तेल झाकले की पुरावा गेला. नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे असल्याने चाके पूर्ण जाम होत नाहीत आणि अशा खुणा पुसट उमटतात. तेव्हा वाहनाचा चेंबलेला भाग, काचांचा सडा, कठड्यावरचे घासल्याचे व्रण आणि वाहने थांबली ती नेमकी जागा यांवरून निष्कर्ष काढावा लागतो. हे पाहायचे असते, हेच आधी कोणी तरी शिकवावे लागते.

रस्त्याच्या बाबतीतही तसेच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार ताशी ८० किलोमीटर वेगासाठी चालकाला समोरचे १२० मीटर, तर १०० किलोमीटरसाठी १८० मीटर अंतर स्पष्ट दिसायला हवे. समोरचा धोका लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाण्यासाठीचे अडीच सेकंद त्यात धरलेले आहेत. वळणावर वाढलेले झुडूप किंवा आडवा आलेला जाहिरात फलक या अंतरावर घाला घालत असेल, तर ‘नियंत्रण सुटले’ या वाक्याचा अर्थच बदलतो.

समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. घटनास्थळाची वेळेत, माहीतगार पाहणी झाली की सांगोवांगीच्या कारणाची तपासणी कशी होते, हे या प्रकरणाने दाखवले.

नवले पुलाचा उतार काय शिकवतो?

पुण्यात मुंबई-बंगळूरु महामार्गावर नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार वर्षानुवर्षे अपघातांसाठी ओळखला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये येथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा याच भागात कंटेनरने वाहने चिरडली, आग लागली आणि ८ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर दोन शब्द हमखास ऐकू येतात: ‘ब्रेक फेल’.

उतारावर ब्रेकचे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय या शब्दांचा अर्थ लागत नाही. २० टन वजनाचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे दोन कोटी ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत खोलीच्या तापमानाचे सुमारे ६० लिटर पाणी उकळीला येईल. ट्रक गिअरमध्ये असेल तर यातील मोठा वाटा इंजिन रोखून धरते. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रल केली, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड कमी होते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. वारंवार ब्रेक मारल्याने एअर ब्रेकच्या टाकीतील हवेचा दाबही उतरतो.

खरी मेख पुढे आहे. मोटार वाहन निरीक्षक हे वाहन तपासतो ते अनेकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. तोवर ड्रम थंड झालेला असतो आणि ब्रेक पुन्हा लागतात. फक्त ‘ब्रेक लागतात की नाही’ एवढेच तपासले तर शेरा येईल, ‘ब्रेक यंत्रणा सुस्थितीत’. चालक म्हणतो ब्रेक लागले नाहीत, अहवाल म्हणतो लागतात, आणि निष्कर्ष निघतो, चालकाचे नियंत्रण सुटले. लायनिंगला आलेली काचेसारखी चकाकी, उष्णतेने निळसर पडलेला ड्रम, गिअर लिव्हरची स्थिती, ब्रेकमधील अंतराचे समायोजन या गोष्टी पाहण्याची सवय असलेला निरीक्षक त्याच वाहनावरून वेगळा अहवाल लिहू शकतो.

हा फरक कागदावरचा नाही. कारण ‘चालक’ असेल तर उपाय कारवाईचा. कारण ‘तापलेले ब्रेक आणि लांब उतार’ असेल तर उपायांची यादीच वेगळी होते: उताराच्या सुरुवातीलाच अवजड वाहनांना थांबवून तपासणी, खालच्या गिअरची सूचना देणारे मोठे फलक, निसटलेले वाहन वाळू-खडीत रुतवून थांबवणारी उतारालगतची मार्गिका, आणि खाली गर्दीच्या जागी वाहनांची रांग लागणार नाही अशी रचना. पहिल्या नोंदीवर पुढचा खर्च कुठे होणार हे ठरते.

कायद्याने या अधिकाऱ्यांचे काम किती बदलले?

बरेच. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तपास अधिकाऱ्याला ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. नुकसानभरपाईचा दावा या कागदांवर पुढे सरकतो.

त्याच्या जोडीला ‘आयरॅड’ आणि ‘ई-डार’ ही डिजिटल यंत्रणा आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि आयआयटी मद्रास यांनी विकसित केलेल्या आयरॅडच्या पहिल्या टप्प्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळावरून मोबाइलवर स्थान, छायाचित्रे आणि तपशील भरतात. मग वाहनाच्या पाहणीसाठी आरटीओकडे आणि रस्त्याच्या पाहणीसाठी संबंधित बांधकाम यंत्रणेकडे विनंती जाते. कल्पना चांगली आहे: एकाच अपघाताकडे तीन नजरांनी पाहायचे. पण तिन्ही नजरा तयार असतील तरच.

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार देण्याची तरतूद आहे. तिचा कारभारही ई-डारशी जोडलेला आहे. म्हणजे पोलिसाने मोबाइलवर केलेली नोंद आता रुग्णालयाच्या बिलाशीही बांधली गेली आहे.

सर्वांत दूरगामी बदल २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ चा. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांत सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या, हेही कलमात आहे: रस्त्यावर कोणत्या प्रकारची वाहतूक अपेक्षित होती, देखभालीची मानके काय होती, धोक्याची माहिती यंत्रणेला होती का, सूचना फलक लावले होते का. हा पुरावा गोळा करणार तपास अधिकारीच. त्याला मानकच माहीत नसेल, तर मानक मोडल्याची नोंद तो करणार कशी?

सध्या प्रशिक्षण कुठे मिळते?

संस्था नाहीत असे नाही. पुण्यात भोसरीजवळ केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, अर्थात सीआयआरटी १९६७ पासून कार्यरत आहे. एसटी महामंडळांपासून परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांचे वर्ग तेथे होतात. वाहनांच्या चाचणीसाठी पुण्यातच एआरएआय आहे. महामार्ग अभियंत्यांसाठी नोएडातील भारतीय महामार्ग अभियंता अकादमी, संशोधनासाठी दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, तर वाहतूक पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी फरिदाबादची रस्ते वाहतूक शिक्षण संस्था ओळखली जाते. आयआयटी मद्रासमध्ये रस्ता सुरक्षेसाठी स्वतंत्र उत्कृष्टता केंद्र आहे.

यातील सर्वांत नेमके प्रशिक्षण रस्ता सुरक्षा लेखापरीक्षकांचे, म्हणजे सेफ्टी ऑडिटरचे. त्यासाठी १५ दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे आणि भारतीय रस्ते काँग्रेसची स्वतंत्र नियमपुस्तिका आहे. रस्ता कागदावर असताना, बांधकाम सुरू असताना, वाहतुकीसाठी खुला होण्याआधी आणि वापरात आल्यावर अशा वेगवेगळ्या टप्प्यांवर धोके कसे शोधायचे, हे त्यात शिकवले जाते.

पोलिसांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. आयरॅड लागू करताना जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण झाले. मात्र त्याचा मुख्य भर अ‍ॅप वापरण्यावर होता. रकाना कसा भरायचा हे कळणे आणि रकान्यात काय लिहायचे हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘रस्त्याचा पृष्ठभाग’ या प्रश्नापुढे पर्यायांपैकी एकावर टिचकी मारता येते. पृष्ठभाग झिजला आहे का, हे ओळखायला शिकावे लागते. नोंद सदोष असेल तर डिजिटल झाल्याने ती बरोबर होत नाही, फक्त वेगाने दिल्लीपर्यंत पोहोचते.

मग अडते कुठे?

तीन ठिकाणी. पहिले म्हणजे बदली. महाराष्ट्रात २००५ च्या बदली कायद्यानुसार शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. पोलीस उपनिरीक्षक ते निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी एका पोलीस ठाण्यातील किंवा शाखेतील सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा आहे.

आता ब्लॅक स्पॉटची व्याख्या पाहा. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. म्हणजे धोका कागदावर सिद्ध व्हायला तीन वर्षांची आकडेवारी लागते आणि त्या जागेवरचा पहिला अपघात पाहिलेला अधिकारी तोवर दुसरीकडे रुजू झालेला असतो. प्रशिक्षण त्याच्यासोबत गेलेले असते. नवीन आलेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. बदलीमागे हितसंबंध तयार होऊ नयेत हा हेतू असतो आणि तो योग्यच आहे. पण प्रशिक्षित अधिकारी बदलून जिथे जातो तिथे त्याला याच कामावर नेमायचे, एवढी साधी नोंद सेवापुस्तकात आणि नेमणुकीत धरली तरी पैसे आणि कष्ट वाया जाणार नाहीत.

दुसरी अडचण उलट माहितीची. निरीक्षकाने अहवाल पाठवला, पुढे काय झाले? समितीने ती जागा दुरुस्त केली का, न्यायाधिकरणाने अहवाल मान्य केला का, हे त्याला क्वचितच कळते. आपल्या निष्कर्षाची चूक किंवा बरोबर कधीच समजत नसेल तर वीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा, असे होऊन बसते.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. रस्त्याचा दोष लिहायचा म्हणजे एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याकडे बोट दाखवायचे. रस्त्याची पाहणी करणारा अभियंता अनेकदा त्याच विभागाचा असतो ज्याने रस्ता बांधला. अशा वेळी ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य सर्वांनाच सोयीचे ठरते. विशेषतः चालकही अपघातात मरण पावला असेल, तर त्यावर हरकत घ्यायलाही कोणी उरत नाही.

प्रशिक्षित तपासाने खरोखर फरक पडतो का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे हाताशी असलेले उदाहरण. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाइफ फाऊंडेशन यांनी खासगी उद्योगाच्या साहाय्याने ‘शून्य मृत्यू मार्ग’ उपक्रम सुरू केला. पुढील काही वर्षांत वार्षिक मृत्यूंची संख्या शंभराच्या खाली आली.

यात जादू नव्हती. अपघातांचा जागेवर जाऊन शास्त्रीय अभ्यास करण्यात आला. त्यातून दिसले की कडेला उभ्या केलेल्या ट्रकला मागून धडक बसणे आणि रस्त्यालगतच्या खांबांसारख्या कठीण, उघड्या वस्तूंवर वाहन आदळणे ही मृत्यूची मोठी कारणे आहेत. ‘नियंत्रण सुटले’ हे येथेही खरे होतेच. पण नियंत्रण सुटलेले वाहन कशावर आदळते, हा प्रश्न विचारल्यावर संरक्षक कठडे, उभ्या वाहनांवर कारवाई, गस्त आणि तातडीची वैद्यकीय मदत असे उपाय सुचले. घट केवळ एकाच उपायाची नाही. मात्र कोणता उपाय कुठे, हे जागेवरच्या तपासाने सांगितले.

पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागच्या आसनावर सीटबेल्ट न लावणे हा मुद्दा देशभर गाजला आणि तो महत्त्वाचाच होता. पण तज्ज्ञांच्या पाहणीमुळे दुसरा मुद्दाही पुढे आला: पुलाच्या तोंडाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात आणि पुलाचा कठडा समोर येतो. नामवंत व्यक्तीच्या अपघातात तज्ज्ञांची पथके येतात. त्याच रस्त्यावर दुचाकीस्वार दगावतो तेव्हा ठाण्यातला एकटा अंमलदारच ‘पथक’ असतो.

इतर देशांत हे कसे चालते?

ब्रिटनमध्ये १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ३९ ने स्थानिक प्रशासनावर थेट जबाबदारी टाकली आहे: आपल्या हद्दीतील अपघातांचा अभ्यास करा आणि ते टाळण्यासाठी उपाय योजा. यामुळे तेथील कौन्सिलमध्ये ‘रोड सेफ्टी ऑफिसर’ हा स्वतंत्र पेशाच तयार झाला.

युरोपीय महासंघाच्या २००८ च्या निर्देशाने सुरक्षा लेखापरीक्षकांसाठी प्रारंभिक प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आवश्यक केलेच, पण ठरावीक काळाने पुढील प्रशिक्षण घेणेही बंधनकारक केले. शिवाय ज्याने रस्त्याच्या आखणीत भाग घेतला त्याने त्याच रस्त्याचे लेखापरीक्षण करू नये, अशी अट घातली. महाराष्ट्रात नेमक्या याच दोन गोष्टी, उजळणी आणि स्वतंत्रपणा, कामी येतील.

केवळ प्रशिक्षणाने भागेल का?

नाही. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९, तर सीटबेल्ट न लावलेल्या १६ हजार ७१५ जणांचा मृत्यू झाला. हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. सातत्याने अंमलबजावणी लागते. मनुष्यबळ अपुरे असेल, मोजमापाची साधने नसतील, क्रेन आणि रुग्णवाहिका वेळेत येत नसतील, तर पंधरा दिवसांचा अभ्यासक्रम करून आलेला अधिकारीही हतबल होईल.

चालकांच्या चुका नाकारण्याचेही कारण नाही. मद्यपान, झोप, मोबाइल, उलट दिशेने येणे ही कारणे खरी आहेत. पण १९९७ मध्ये स्वीडनने स्वीकारलेल्या ‘व्हिजन झिरो’ धोरणाचा गाभा असा की माणूस चुकणारच. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी व्यवस्था रस्ता, वाहन आणि वेग यांनी मिळून करायची. तसे करायचे तर प्रत्येक अपघातात ‘कोण चुकले’ या प्रश्नानंतर ‘त्या चुकीने जीव का गेला’ हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुन्हे तपासाच्या सरावाने मिळते. दुसऱ्यासाठी वेगळे शिक्षण लागते.

त्यामुळे प्रशिक्षणाला तीन गोष्टींची जोड हवी. एक, पोलीस, आरटीओ आणि बांधकाम विभाग यांना एकाच वर्गात, एकाच अपघातस्थळी नेऊन शिकवणे. कारण पुढे काम एकत्रच करायचे आहे. दोन, ठरावीक काळाने उजळणी आणि प्रशिक्षितांची त्याच कामावर नेमणूक. तीन, जिल्हा समितीच्या प्रत्येक बैठकीत मागील अहवालांवर काय कार्यवाही झाली, हे अहवाल लिहिणाऱ्याला कळवणे. यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने काय पाहावे?

नियमांनुसार अपघातानंतर दहा दिवसांत पोलिसांनी पीडित किंवा त्यांच्या वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती ठरावीक नमुन्यात देणे अपेक्षित आहे. ती मिळाली नसेल तर मागावी. दावा न्यायाधिकरणात जाणाऱ्या अहवालांच्या प्रती मिळवाव्यात आणि त्यात तीन गोष्टी आहेत का, ते तपासावे: मोजमापांसह घटनास्थळाचा नकाशा, वाहनाच्या यांत्रिक तपासणीचा तपशीलवार अहवाल आणि रस्त्याच्या स्थितीची नोंद. शक्य असल्यास घटनास्थळाची छायाचित्रे लगेच काढून ठेवावीत. खड्डा बुजवला जातो, फलक नंतर लावला जातो.

नकाशाच्या जागी नुसती रेघ, यांत्रिक अहवालात एका ओळीचा शेरा आणि रस्त्याचा रकाना कोरा असेल, तर वकिलामार्फत न्यायाधिकरणाच्या निदर्शनास ते आणून देता येते. भरपाईपुरताच हा मुद्दा नाही. त्या कोऱ्या रकान्यात काय लिहिले जाते, यावर त्याच वळणावर फलक लागणार की आणखी एक पंचनामा होणार, हे अवलंबून असते.